मीटर बघायला आलेला माणूस खरा की खोटा?

विचारलंय ते थोडक्यात असं: आई ६८ वर्षांच्या, बेळगावच्या वडगावातल्या जुन्या घरात एकट्या असतात, मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात. परवा दुपारी दोघे जण ‘केईबीतनं (म्हणजे कर्नाटक वीज मंडळातनं) आलोय’ म्हणत दारात आले. मीटर जळत आलाय, आजच बदलला नाही तर लाईन तोडावी लागेल, असं सांगून २,८०० रुपये मागितले. आईंकडे २,००० होते, ते दिले. कन्नडात छापलेली पावती मिळाली. ‘नवा मीटर घेऊन तासाभरात येतो’ म्हणून गेले ते गेलेच. अशा लोकांना ओळखायचं कसं, आणि आता करायचं काय?

ताई, आधी एक सांगतो. आईंना रागावू नका. दोन हजार गेले ते गेले. पण बोलणी बसली तर पुढच्या वेळी त्या तुम्हाला काही सांगायच्याच नाहीत, आणि ते जास्त महागात पडतं.

मी ३२ वर्षं वीज खात्यात काढली. सुरुवातीला मीटर रीडर म्हणून शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या, पुढे मीटर तपासणं आणि बदलणं हेच काम. त्यामुळे कबूल करायला हवं की त्या दोघांचं निम्मं काम माझ्यासारख्यांनीच करून ठेवलंय. ‘मीटर!’ एवढंच ओरडायचं आणि थेट आत. वडगावातली घरं तुम्हाला माहीतच आहेत, आगगाडीसारखी लांब. सोपा म्हणजे पुढची खोली, मग मधलं घर, स्वयंपाकघर, मागे परडं. कापड विणायचे माग चालू असले की खडखडाटात हाक कुणाला ऐकू जायची नाही. मग सोप्यातल्या मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि बाहेर पडायचं. कार्ड कुणी मागितलं नाही, मीही दाखवलं नाही. अनोळखी माणूस ‘मीटर’ म्हणाला की वाट द्यायची, ही सवय लोकांना अशीच लागली.

माझ्या सगळ्या नोकरीत एकाच म्हातारीने मला नीट अडवलं. शहापुरात, उन्हाळ्यात, भर दुपारी. जाळीच्या दरवाजाला आतून कुलूप. ‘कार्ड दाव.’ मी कार्ड जाळीला लावलं. ते कन्नडात, तिला वाचता येईना. तिने आतून शाळेतल्या नातीला हाक मारली. पोरगी मराठी शाळेतली, पण कन्नड शिकत होती. तिने एकेक अक्षर लावत माझं नाव वाचलं, मग फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘आज्जी, फोटोत केस आहेत, ह्यांना नाहीत.’ मी उन्हात पाच मिनिटं उभा. तेव्हा डोकं फिरलं होतं. पुढे फसवणुकीच्या गोष्टी कानावर यायला लागल्या तशी मी ही हकिकत प्रत्येक घरी सांगत सुटलो. त्या म्हातारीचं काहीही बिघडलं नाही. कुलूप न काढता तिने मीटर मला दाखवला, कारण तो दरवाजाच्या बाजूलाच होता. मी रीडिंग घेतलं, बिल जाळीतून आत सरकवलं.

आता मुद्द्याचं. माणसाकडे बघून खरा-खोटा ठरवायला जाऊ नका. पिवळं हेल्मेट आणि पट्ट्यांचं जाकीट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. गळ्यातलं कार्ड लॅमिनेशनवाला दहा मिनिटांत करून देतो. बोलणं तर काय, फसवणाऱ्याचं खऱ्यापेक्षा गोडच असतं. माणसापेक्षा तो काय काम सांगतोय ते बघा. मीटर रीडरचं काम एका घरी दीड-दोन मिनिटांचं. हातात मशीन, मीटरचा नंबर बघतो, आकडे टाकतो, छापील बिल निघतं, दाराला अडकवतो आणि पुढचं घर. त्याला तुमचं जुनं बिल लागत नाही, आधार लागत नाही, पाणी प्यायला थांबायलाही सवड नसते. (चहाला थांबायचे काही जण, मीही थांबलोय, पण ती ओळखीची घरं.) मीटर दिसलाच नाही तर तो ‘डोअर लॉक’ नोंदवतो, सरासरीचं बिल येतं, आणि पुढे खरं रीडिंग मिळालं की हिशेब जुळतो. म्हणजे त्याला आत घेतलं नाही म्हणून काही अडत नाही. लाईनमनचं काम बहुतेक खांबावर. मीटर बदलायला येणाऱ्याच्या हातात नवा मीटर असतो. ‘पैसे द्या, मग मीटर आणतो’ म्हणणारा आला की तिथेच ओळखायचं.

आपल्या भागात यात भाषेचा एक गुंता आहे, आणि माझ्या मते आई फसल्या त्या तिथे. कागद कन्नडात, माणूस मराठीत. कागद वाचता येत नाही म्हणून तो सांगेल ते खरं मानायचं. वर ‘काकू, आम्ही पण आपलेच, सांबऱ्याचे’ असं म्हटलं की उरलीसुरली शंका संपली. सीमाभागात ‘आपल्या भाषेतला माणूस’ या गोष्टीला किती वजन आहे हे तुम्हाला सांगायला नको, आणि त्या लबाडांनाही ते पक्कं ठाऊक असतं. गंमत म्हणजे उलटंही होतं. गोकाक-बागलकोटकडून बदलीवर आलेला खरा लाईनमन, मराठी मोडकंतोडकं, त्याला बायका दारातून हाकलतात. माझ्या पाहण्यात हाकलून दिलेले बहुतेक खरेच होते.

तेव्हा आईंना कन्नड शिकवायची गरज नाही, पण सात-आठ शब्द कागदावर लिहून द्या. ‘गुरुतिन चीटी’ म्हणजे ओळखपत्र. ‘हेसरु’ म्हणजे नाव. ‘मोत्त’ म्हणजे रक्कम, ‘रशीदी’ म्हणजे पावती, ‘संपर्क कडित’ म्हणजे लाईन तोडणं. ‘दिनांक’ आणि ‘बाकी’ दोन्हीकडे सारखेच. ‘गुरुतिन चीटी तोरसरी’ एवढं वाक्य आईंनी दारातून म्हटलं तरी समोरचा जरा सरळ उभा राहतो. नोटीस वाचायची असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने गूगल लेन्स कन्नडाचं मराठी करून दाखवतं. नाहीतर शेजारची शाळेतली कुठलीही पोर.

आणि ‘केईबी’ म्हणाला म्हणून खोटा असं समजू नका. केईबी जाऊन १९९९ मध्ये केपीटीसीएल ही सरकारी कंपनी आली, २००२ पासून आपल्याकडे हेस्कॉम, म्हणजे हुबळीची वीजपुरवठा कंपनी आहे, पण तोंडातलं केईबी कुणाच्याच जात नाही, आमच्याही नाही. मात्र निपाणीत किंवा बेळगावात कुणी ‘महावितरणकडून आलोय’ म्हणाला, तर त्याला कागलला नाहीतर शिनोळीला परत पाठवा. महावितरणची हद्द तिकडे, महाराष्ट्रात. हुक्केरी तालुक्यातल्या नातेवाइकांनाही सांगून ठेवा, तिकडे ग्रामीण भागात वीज सहकारी संघाची आहे. आपल्याला वीज कोण देतं ते बिलाच्या डोक्यावर छापलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना ते एकदा दाखवा.

मीटर ‘जळत आलाय’ हे त्यांनी आईंना कसं पटवलं असेल ते मी न विचारता सांगतो. मीटरवर एक लाल दिवा उघडझाप करतो. त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे बघा काकू, फॉल्ट’ म्हणायचं. तो दिवा फॉल्टचा नसतो. वीज वापरली जाईल तसा तो लुकलुकतो. हे आईंना एकदा करून दाखवा: गीझर लावा, दिवा भराभर लुकलुकेल. मीटरनंतरचा मेन स्विच बंद करा, लुकलुकणं थांबेल. एवढं झालं तर मीटर आपलं काम करतोय. काही मीटरवर ‘अर्थ’चा वेगळा दिवा असतो. तो पेटलेला राहिला तर बहुतेक वेळा घरातल्या वायरिंगमध्ये गळती किंवा न्यूट्रलची गफलत असते, आपल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. खरोखर जळणारा मीटर कळायला लागतोच. जळका वास येतो, खालच्या वायरी जिथे बसतात तिथे काळं पडतं, आकडे दिसेनासे होतात, दिवे कमी-जास्त व्हायला लागतात. असं दिसलं तर हात लावू नका, १९१२ ला, म्हणजे वीज खात्याच्या तक्रारीच्या नंबरला फोन.

यापेक्षा वाईट एक प्रकार आहे. मीटरला सील असतं, त्याच्यावर नंबर असतो. ‘बघू’ म्हणून हात घालायचा, सील स्वतःच तोडायचं आणि मग ‘सील तुटलंय, चोरीची केस होणार, दहा हजार दंड, इथेच मिटवूया’. यावर उपाय सोपा. मीटरचा, सीलचा, मीटर नंबरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा पहिलं काम हेच करा.

विजेच्या चोरीची खरी तपासणी कशी होते याचे नियम आहेत. वीज कायदा २००३, कलम १३५. घरातल्या माणसाच्या समक्ष तपासणी, जप्त केलेल्या वस्तूंची यादी, त्यावर सही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत राहत्या घरात तपासणीच करता येत नाही, घरातला मोठा पुरुष हजर असल्याखेरीज. थकबाकीसाठी लाईन तोडायची तर कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि आईंच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं कलम १६३. खात्याच्या माणसाला मीटर बघायला यायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि घरच्यांना कारण सांगून. तुम्ही नको म्हणालात, तरी लेखी नोटीस देऊन २४ तास गेल्याशिवाय त्या कारणाने लाईन तोडता येत नाही. म्हणजे खरा माणूस आला, आणि आईंनी चुकून त्याला ‘उद्या या, माझा भाचा घरी असेल’ म्हणून पाठवलं, तर काय होईल? काही नाही. तो उद्या येईल. ‘आजच, आत्ताच’ ही घाई खोट्याचीच असते.

थकबाकीवाल्या घरी लाईनमन खरंच शिडी घेऊन येतो, मीही पाठवलेत. पण तोही ‘काउंटरला भरून पावती दाखवा’ म्हणतो. शहरात पैसे भरायचे ते ऑफिसच्या काउंटरला, बेळगाव वन केंद्रात किंवा मोबाईलवरून. मीटर बदलण्याचे काही पैसे लागणार असतील तर तेही तसेच, दारात रोख नाही. खेड्यात मात्र थोडा फरक आहे. तिथे ग्राम विद्युत प्रतिनिधी असतो, तो रीडिंगही घेतो आणि बिलाचे पैसेही घेतो, मशीनमधून पावती देतो. पण तो गावातलाच, त्याच्या बापालाही सगळे ओळखतात. येळ्ळूर-बेळगुंदीकडे एखादा अनोळखी पोरगा ‘त्याच्या जागी मी आलोय’ म्हणाला तर आधी जुन्याला फोन लावायचा.

खात्री करायची तर १९१२ वर. समोरच्याने स्वतःच्या मोबाईलवरून ‘घ्या, साहेबांशी बोला’ म्हटलं, तर तो साहेब पुढच्या चौकात गाडीवर बसलेला असतो. मी आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो: ‘आमच्या गल्लीचा टीसी कुठे आहे?’ टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. खरा लाईनमन वैतागून, पण झटकन सांगतो. खोटा ‘इथलाच की’ म्हणतो. हा प्रश्न काही ब्रह्मास्त्र नाही, तयारी करून आलेला उत्तर देईल. पण तेवढ्यात शेजारचं दार उघडतं.

मीटर रीडरला जुनं बिल लागत नाही म्हणालो, पण ते कुणाला दाखवूही नका, त्याचं कारण सांगायचं राहिलं. बिलावर आर. आर. नंबर (म्हणजे आपल्या वीजजोडणीचा नंबर), नाव, थकबाकी, सगळं असतं. दारात फोटो काढून नेतात आणि चार दिवसांनी फोन येतो: ‘तुमचा आर. आर. नंबर अमुक, बाकी तमुक, आज रात्री लाईन तुटणार, हे ॲप टाकून घ्या.’ इतकी बरोबर माहिती असली की माणूस फसतो. आईंनी त्या दोघांना बिल दाखवलं होतं का ते विचारा. दाखवलं असेल तर हा फोन येणार असं धरून चाला. फोनवर सांगितलेलं कुठलंही ॲप टाकायचं नाही आणि आलेली फाईल उघडायची नाही. पैसे खात्यातून गेलेच तर लगेच १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर.

अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्याला तर जाळीच्या आत घेऊच नका. ‘गृहज्योतीचं नवीन रजिस्ट्रेशन’, ‘गृहलक्ष्मीचे दोन हजार अडकलेत, अंगठा द्या’, अशी सरकारी योजनांची नावं घेऊन येतात. गृहज्योतीची नोंद सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर किंवा केंद्रात जाऊन होते, २०० युनिटपर्यंतच्या त्या सवलतीसाठी दारात अंगठा द्यावा लागत नाही. आधार नंबर आणि अंगठा दोन्ही मिळाले की बँकेतून पैसे काढता येतात, ओटीपी लागत नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, आधारच्या अधिकृत ॲपवरून पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या खेपेला तेही उरकून टाका.

गॅसवाल्यांबद्दल थोडक्यात. ‘एजन्सीकडून पाईप तपासायला आलोय’ म्हणून साधा पाईप किंवा ‘गॅस वाचवणारं’ यंत्र गळ्यात मारतात. सुरक्षा पाईप नारंगी असतो, मुदत पाच वर्षं, त्यावर छापलेली असते. ती बघा, संपली असेल तर स्वतः एजन्सीत जाऊन आणा. केवायसीचे पैसे पडत नाहीत. सिलिंडर आणणाऱ्याला जो कोड द्यायचा तो सिलिंडर दारात आल्यावरच. गॅसचा वास आला तर १९०६. पाणीवाल्यांचं वेगळं आहे. तिथे पैसे कमी आणि चोरी जास्त. राकसकोप धरणाचं पाणी कमी दाबाने येतंय, मागची टाकी तपासायचीय, म्हणून एक जण काकूंना परड्यात नेतो, बोलण्यात गुंतवतो. दुसरा पुढच्या दाराने आत. लांब घरात मागचं पुढे कळत नाही. दोघे आले आणि एक जण मागे चला म्हणाला, की आधी पुढचं दार लावायचं. दागिने पॉलिश करून देणाऱ्यांचं सांगत नाही, ते आईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता तुम्ही काय करायचं. आज १९१२ ला फोन करून आर. आर. नंबर सांगा, मीटर बदलायचं काही काम निघालं होतं का विचारा, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. भाच्याला किंवा शेजाऱ्याला वीज खात्याच्या सेक्शन ऑफिसला पाठवून सील बघायला माणूस मागवा, कारण त्या दोघांनी मीटरला हात लावला असेल तर सील तपासलेलं बरं, नाहीतर पुढे ते आईंच्या माथी येईल. मग पोलीस. ‘दोन हजारासाठी कुठे पोलीस’ असं सगळेच म्हणतात, आणि ते दोघे पुढच्या गल्लीत शिरतात. सरकारी नोकर असल्याचं सोंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. तोतयेगिरी करून फसवणं कलम ३१९, पाच वर्षांपर्यंत. आणि सीमाभागात पोलीस ठाण्यात नेहमी ऐकू येणारं ‘ते चंदगडकडे पळाले असतील, आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण आता चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात खबर नोंदवावी लागते. वडगावचा गुन्हा तुम्ही पुण्यातही नोंदवू शकता. पण आईंना घेऊन तिथेच नोंदवलेली बरी, चेहरे त्यांनी बघितलेत. गल्लीत कुणाच्या दुकानावर कॅमेरा असेल तर त्याला चित्रण जपून ठेवायला आजच सांगा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

ती पावती मात्र जपून ठेवा. फोटो काढून मलाही पाठवा. मशीनची आहे की दुकानातल्या पावतीपुस्तकाची, ते एका नजरेत कळेल. पुस्तकाची असेल तर तिचा क्रमांक बघा. समजा २३ असला, तर आधीच्या बावीस पावत्या त्याच दोन-चार दिवसांत, तिथल्याच गल्ल्यांत फाटलेल्या असायची शक्यता आहे. वडगावात त्या घरांचा पत्ता लावायला पोलिसांना आठवडा लागेल. आईंना संध्याकाळी कट्ट्यावर बसून विचारायला सांगा, दोन दिवसांत निम्मी तरी घरं त्या सांगतील. मग सगळ्यांनी मिळून एकच तक्रार द्या.